सांगलीहून पोरांना घेऊन दोन दिवस मुंबई, असं ठरवा

पोरांना मुंबई दाखवायची म्हणलं की आपल्याकडं लगेच यादी सुरू होते, गेटवे, राणीबाग, सिद्धिविनायक, हाजीअली, जुहू, आणि सगळं दोन दिवसात बसवायचं. नका करू असं. दिवसाला एकच मोठी जागा आणि संध्याकाळी समुद्र, बास. सात-आठ वर्षांच्या आतलं लेकरू दुपारी दोनच्या पुढं काही बघत नसतंय, नुसतं ओढलं जातंय.

सगळ्यात आधी वार बघा, लॉज नंतर. राणीबाग म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद, एलिफंट्याची लेणी सोमवारी बंद. आम्ही पहिल्या वेळी हे न बघता बुधवारी भायखळ्याला गेलो, धाकटी महिनाभर पेंग्विन पेंग्विन करत होती आणि बंद गेटापाशी तिचं तोंड जे उतरलं ते अजून माझ्या डोळ्यापुढं आहे. शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परत फिरायचं, हे सगळ्यात बरं पडतं.

गाडी म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसच. रात्री बसायचं, सकाळी मुंबई. दिवसाच्या कोयना एक्सप्रेसमध्ये खिडकीतनं बघायला मजा येते पण अख्खा दिवस जातो. रिझर्वेशन ६० दिवस आधी सुरू होतं, सुट्टीतलं असेल तर त्या सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसा. पाचच्या आतल्याला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या पोराला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. पण मी म्हणेन बर्थ घ्याच, कारण आईची रात्रभर झोप झाली नाही तर पुढचा दिवस सगळ्यांचाच वाया जातो.

राहायला आत्याकडं डोंबिवलीला जाऊ नका, तिला वाईट वाटलं तरी. रोज जायला-यायला लोकलमध्येच दोन-तीन तास जातात. दादर नाहीतर सीएसएमटीच्या जवळ साधी रूम घ्या, आत्याला रविवारी तिकडंच जेवायला बोलवा. लॉजवाल्याला आधीच फोन करून सकाळी लवकर रूम मिळेल का विचारा, नाहीतर बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतात, फक्त बॅगेला कुलूप पाहिजे.

शनिवारी राणीबाग, सकाळी उघडल्या उघडल्या. सीएसएमटीवरनं स्लो लोकलनं तिसरं स्टेशन भायखळा, तिथनं जवळच आहे. जाताना पोरांना सांगा की १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच वाटेनं बोरीबंदरहून ठाण्याला गेली होती, आमचा थोरला तर मग प्रत्येक स्टेशनाचं नाव वाचत बसला. रविवारी गेटवे आणि तिथनं चालत वस्तुसंग्रहालय, आधी गेटवे कारण संग्रहालय सव्वादहाला उघडतं. एलिफंट्याची बोट एका बाजूला तासभर घेते आणि वर पायऱ्या, त्यामुळं लहान पोरं असतील तर यावेळी राहू दे.

आता लोकल, यात हयगय नको. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटीकडं येणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते नऊ तिकडनं सुटणाऱ्या गाडीत पोरांना घेऊन चढूच नका, आणि रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद असतात, म्हणून टाइमटेबल बघूनच निघा. चढताना एक मोठं माणूस आधी, मधी पोरं, शेवटी दुसरं मोठं माणूस, उतरतानाही तसंच. घरीच चार दिवस आधीपासनं पाठ करून घ्या: तू खाली राहिलास आणि गाडी सुटली तर जागेवरनं हलायचं नाही, आम्ही परत येतो, आणि तू एकटाच गाडीत राहिलास तर पुढच्या स्टेशनला उतरून तिथंच थांबायचं, पोलीसकाकांना सांगायचं. आमच्याकडं जेवताना रोज एकदा विचारायचो. खिशात दोघांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पोराच्या खिशात, बॅगेत नाही कारण बॅग राहते कुठंतरी. रेल्वेचा १३९ आणि मुलांसाठीचा १०९८ हे स्वतःच्या मोबाईलमध्ये सेव्ह करा. गर्दीची भीतीच वाटत असेल तर भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत जाते, एसी आहे, पोरांना ती पण आवडते.

खाण्याचं काय, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दिवसाला पुरते, भडंग जरा जास्तच घ्या.

रविवारी दुपारी रूमवर तासभर झोपवा, मग चौपाटीवर वाळूत सोडा, आणि परतीची महालक्ष्मी रात्री आठनंतर सुटते म्हणून साडेसहाला तिथनं उठाच, वाळू झटकायलाच पंधरा मिनिटं जातात.