एचआयव्हीच्या रुग्णांना फोनवरून सल्ला देताना या चुका टाळा

वेल्हे, भोर किंवा मुळशीच्या आतल्या गावातून ससूनच्या किंवा पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे मिळतात तिथे, यायचे, तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि रांगेत गावचे कोणी भेटेल ही धास्ती वेगळीच असते. अशा रुग्णांसाठी टेलिमेडिसिन, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला, सोयीचे आहे, आणि केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर त्याला स्पष्ट नियमही मिळाले आहेत. तरीही संस्थांनी हौसेने सुरू केलेल्या सेवा रुग्ण मध्येच सोडतात, आणि त्याची कारणे बहुधा तंत्रज्ञानाबाहेरची असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नोंदवहीतला क्रमांक रुग्णाचा स्वतःचा आहे असे गृहीत धरणे. पुण्यातल्या जनता वसाहतीत काय किंवा ताडीवाला रस्त्यावर काय, अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो दिवसभर मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हाती असतो. ‘एआरटीच्या गोळ्या संपत आल्या आहेत’ असा संदेश सासूने वाचला, तर एचआयव्हीविषयीची माहिती संमतीशिवाय उघड होते, आणि ती तशी उघड करण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. म्हणून नोंदणीच्या वेळीच समुपदेशकाने विचारून ठेवावे की फोन कोणाजवळ असतो, मोकळेपणाने कधी बोलता येते आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे. संदेशात आजाराचे, औषधाचे किंवा केंद्राचे नाव येऊ देऊ नये. फोन लागताच पहिला प्रश्न ‘आता बोलता येईल का?’ हाच असावा, आणि आसपास माणसे असल्यास रुग्णाला केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून भागवता येईल अशा रीतीने पुढचे प्रश्न विचारावेत. रुग्णांचा व्हॉट्सॲप गट तर चुकूनही करू नये, कारण त्यात प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो.

व्हिडिओचा हट्टही सोडावा. डोंगराआड रेंज नसते, डेटा पॅक संपलेला असतो, आणि नियमित पाठपुराव्याच्या बहुतेक गोष्टी साध्या कॉलवर होतात. हा हट्ट अनेकदा रुग्णापेक्षा अहवालातल्या छायाचित्रांसाठी असतो, असे माझे मत आहे.

‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी बाटली समोर घेऊन उरलेल्या गोळ्या मोजायला सांगावे आणि बाटली कधी मिळाली तेही विचारावे. त्याच वेळी इतर औषधांची चौकशी करावी, कारण ॲसिडिटीची, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घेतल्यास डोल्युटेग्रावीर हे एचआयव्हीवरचे औषध नीट शोषले जात नाही. ते अशा गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायचे असते. मधुमेही रुग्णाची मेटफॉर्मिनची मात्रा डॉक्टरांनी पुन्हा पाहावी. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झाले असेल, तर डोल्युटेग्रावीर दिवसातून दोनदा लागते, आणि हा बदल एआरटी केंद्राला कळवल्याशिवाय होता कामा नये.

फोनवर रक्त घेता येत नाही, हे सांगायला नको. तरी नेमके तेच राहून जाते. महिन्यामागून महिना ‘तब्येत बरी आहे’ अशी नोंद होते आणि व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाची, तपासणी मागे पडते. उपचार सुरू झाल्यावर ती ६ आणि १२ महिन्यांनी, नंतर दरवर्षी करायची असते. म्हणून प्रत्येक कॉलच्या नोंदीत पुढच्या तपासणीची तारीख असावी. धाप लागणे, तापासह न थांबणारी डोकेदुखी किंवा अचानक अंधुक दिसणे अशी तक्रार असेल, तर सल्ला देत बसू नये, थेट रुग्णालयात पाठवावे.

शेवटची चूक म्हणजे दोनदा फोन लागला नाही की ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून नाव खाली ढकलणे. चाकणचा कंत्राटी कामगार ठेकेदार बदलला की कधी कधी सिमही बदलतो; ऊसतोडीला गेलेले कुटुंब हंगामभर दुसऱ्याच तालुक्यात असते. विश्वासातल्या एका व्यक्तीचा क्रमांक रुग्णाच्या संमतीने आधीच घ्यावा आणि स्थलांतरापूर्वी जास्त महिन्यांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्राची सोय लावून द्यावी. नाकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा) १०९७ हा निःशुल्क मदत क्रमांकही रुग्णाला तोंडपाठ करून द्यावा, म्हणजे फोनमध्ये जपून ठेवण्याचीही गरज उरत नाही.