तरुण संशोधकांना संरक्षणाचे प्रश्न कसे दाखवावेत

विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापकांना संरक्षण क्षेत्राची ओळख एका कार्यशाळेत होत नाही. अमेरिकेतला 'डिफेन्स सायन्स स्टडी ग्रुप' हा अशीच ओळख करून देणारा उपक्रम निवडलेल्या प्राध्यापकांना दोन वर्षे गुंतवून ठेवतो, ते उगाच नाही. पहिले वर्ष पाहण्या-ऐकण्यातच जाते; नेमके प्रश्न दुसऱ्या वर्षी सुचू लागतात.

असा उपक्रम आखत असाल तर गट पंधरा-सोळा जणांचा पुरे. भेटीला मोठा गट आला की लष्करी तळावरची माणसे जपून बोलतात, आणि पाणबुडीत सगळे मावतही नाहीत. गोपनीय माहिती पाहण्यासाठी लागणाऱ्या सुरक्षा पडताळणीचे अर्ज सर्वांत आधी भरून घ्या. त्याला महिने लागतात. वेळापत्रक कोलमडते ते बहुधा इथेच. तोवर उघड माहितीवर काम सुरू करा.

उदाहरणार्थ जीपीएस. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे जमिनीवर पोचणारा संकेत उणे १६० डीबीडब्ल्यूच्या (एका वॉटच्या तुलनेत शक्ती सांगणारे माप) आसपास, म्हणजे अगदीच क्षीण. मोकळ्या मैदानात एक वॉटचा जॅमर (संकेत दडपणारे यंत्र) साधा रिसीव्हर काही किलोमीटरपर्यंत निकामी करू शकतो. हे गणित त्यांनाच करू द्या, अर्ध्या दिवसाचे काम आहे. बहुतेक जण लगेच जॅमरला दाद न देणाऱ्या अँटेनाची रचना मांडू लागतील.

मग त्यांना चिलखती गाडीजवळ न्या आणि विचारा, अँटेना बसवणार कुठे? छतावर रेडिओच्या अँटेना, हॅच (आत-बाहेर जायची झडप) आणि तोफेचा फिरता बुरूज आधीच दाटीने बसलेले असतात. वीज कुठून घेणार, अँटेना बिघडली तर कोण बदलणार? इथे चर्चा वळते: जीपीएस गेल्यावर गाडी किती वेळ वाट चुकणार नाही? विमानात वापरतात त्या दर्जाच्या जडत्वीय यंत्रणेतही (बाहेरच्या संकेताशिवाय, स्वतःच्या हालचाली मोजून स्थान ठरवणारी यंत्रणा) तासाला साधारण एक सागरी मैल चूक साठते, स्वस्त सेन्सरमध्ये ती काही मिनिटांतच हाताबाहेर जाते.

भेटीचा निम्मा वेळ स्लाइडविना ठेवा, आणि तो देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत. वरिष्ठ अधिकारी समोर असले की तक्रारी बाहेर येत नाहीत. (चहाच्या सुट्टीत मात्र येतात, ती लांबवा.) गोपनीय सत्रातल्या वह्या तिथेच जमा होतात आणि प्रकाशनापूर्वी मजकूर तपासून घ्यावा लागतो, हे पहिल्याच दिवशी सांगा. ज्यांची बढती शोधनिबंधांवर अवलंबून आहे, त्यांना ही गोष्ट उशिरा कळली तर ते गट सोडतात.

शेवटी प्रत्येकाकडून आठ-दहा पानी टिपण घ्या: एकच प्रश्न, तो कोणाला भेडसावतो, आणि उत्तर चुकीचे ठरले तर ते कशावरून कळेल. टिपण निधीच्या प्रस्तावासारखे वाचले जात असेल तर परत पाठवा.