मंडळीत पद मिळाल्यावर सेवा कशी करावी

ज्याला मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पद मिळाले आहे, त्याने प्रथम मत्तयकृत शुभवर्तमानाचा 23वा अध्याय सावकाश वाचावा. तेथे प्रभू येशू शिष्यांना ‘रब्बी’, म्हणजे गुरुजी, म्हणवून घेऊ नका असे बजावतो, कारण गुरू एकच आहे आणि बाकी सर्व भाऊ आहेत. पाळकांना ‘रेव्हरंड’ म्हणणे चूक आहे असे मला वाटत नाही, कारण ते संबोधन जबाबदारी ओळखण्यापुरते असते. मात्र कोणी ते म्हटले नाही म्हणून मनात अढी धरू नये. कार्यक्रमाच्या पत्रिकेवरील नावेही पदाप्रमाणे नव्हे, तर वर्णानुक्रमाने छापावीत.

खरी कसोटी नाताळच्या प्रीतिभोजनात लागते. आपल्या कोल्हापुरात पंगत बसली की मानाची पाने आधी मांडण्याची सवय आहे. पंचांनी, म्हणजे मंडळीच्या पदाधिकाऱ्यांनी, त्या पानांवर न बसता रश्श्याची बादली आणि पळी स्वतः हाती घ्यावी, शेवटच्या ओळीपासून वाढायला सुरुवात करावी, आणि चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशी लेकराला मांडीवर घेऊन तेथे बसल्या असतील, तर त्यांना ‘अजून थोडा पांढरा घ्या की, मावशी’ असा आग्रह करावा. नव्या करारातील ‘दियाकोनस’ (सेवक) या ग्रीक शब्दाचा अर्थ पंगतीत वाढणारा असाही होतो. जेवणे उरकल्यावर पातेली घासायलाही थांबावे.

ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याच्या पानाशी विशेष थांबावे. योहानाच्या 13व्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्याचा विश्वासघात करणारा यहूदाही तेथेच होता. आणि दुसरा कोणी आपली सेवा करू लागला, तर तेव्हा पाय धुऊ न देणाऱ्या पेत्रासारखे प्रथम नाकारू नये. पाय पुढे करावेत.