मीडियम फॉरमॅट फिल्म की डिजिटल? प्रिंट ताडून बघताना या चुका टाळा

फिल्म आणि डिजिटलचे प्रिंट शेजारी ठेवून निकाल देताना बहुतेक वेळा तपासला जातो तो स्कॅनर, फिल्म नव्हे. लॅबमधून मिळालेला साधा जेपेग स्कॅन मोठा करून ‘फिल्म मऊ पडते’ म्हणणं अन्यायाचं आहे.

मीडियम फॉरमॅट म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीहून मोठी फिल्म. तिच्यातल्या ६×७ (सेंटिमीटर) आकाराच्या निगेटिव्हवर चित्र साधारण ५६×७० मिलिमीटरचं असतं. २४०० डीपीआयला (दर इंचाला इतके ठिपके) स्कॅन केलं तर त्यातून सुमारे ३५ मेगापिक्सेल निघतात, ४००० ला जवळपास ९७. पण फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० छापलेलं असलं, तरी खरा तपशील त्याच्या निम्म्याहून कमीच येतो. म्हणून प्रिंट मऊ दिसला की आधी निगेटिव्ह लूपखाली (छोट्या भिंगाखाली) धरा. नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानांच्या पाट्या टिपल्या असतील तर अक्षरंच सांगतील: निगेटिव्हवर ती स्पष्ट आणि प्रिंटवर पुसट असतील, तर दोष स्कॅनचा किंवा नंतरच्या शार्पनिंगचा. निगेटिव्हवरच पुसट असतील, तर फोकस चुकला किंवा कॅमेरा हलला. मोठ्या आरशाच्या ६×७ कॅमेऱ्याला ट्रायपॉड आणि मिरर लॉक (आरसा आधीच वर अडकवून ठेवणं) हवाच.

दोन्ही कॅमेऱ्यांवर एकच ॲपर्चर (लेन्सचं छिद्र), समजा f/८, ठेवणं हीसुद्धा चूक. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) f/८ ला जितकी खोली फोकसमध्ये येते, तितकीच ६×७ वर मिळवायला f/१६ लागतो. नाहीतर मागची इमारत धूसर येते आणि बोल लेन्सला लागतो.

एक्स्पोजरचंही तसंच. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट दुपारच्या उन्हात घ्यायचा असेल, तर डिजिटलवर घुमटाची पांढरी बाजू जळू देऊ नका. निगेटिव्ह फिल्मवर सावलीला पुरेसा प्रकाश द्या. एकाच मीटर रीडिंगवर दोन्ही काढले, तर एकाचं नुकसान ठरलेलं.

कृष्णधवल फिल्म घरी धुणाऱ्यांनी मे महिन्यात टाकीच्या पाण्यावर विसंबू नये. डेव्हलपरच्या वेळा सहसा २० अंशांच्या असतात आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्याहून कितीतरी तापलेलं. कॉन्ट्रास्ट भडकतो, ग्रेन (फिल्मचे दाणे) वाढतो. बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला आणा.

कागद, प्रिंटर, आकार एकच ठेवा. लॅबला ऑटो करेक्शन बंद करायला सांगा. १२×१६ इंचांपर्यंत चांगल्या स्कॅनमधला आणि २४ मेगापिक्सेलमधला फरक ओळखणं अवघडच. फरक बघायचाच तर २०×२४ करून बघा. इंकजेट प्रिंट रात्रभर वाळू द्या आणि ट्यूबलाइटखाली नव्हे, उत्तरेच्या खिडकीशी ठेवून पारखा.