बोन्साय शिकायचंय? आधी पुण्याचा पाऊस धरा

पुण्यात बोन्सायचं खूळ डोक्यात शिरतं ते बहुधा जानेवारीत. २६ जानेवारीच्या आसपास एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे वडाच्या हातभर उंचीच्या झाडापुढे माणूस रेंगाळतो आणि त्याच आठवड्यात कुठूनतरी एक तयार कुंडी घेऊन येतो. ती बहुतेक वेळा फुगीर मुळांची, डोक्यावर पानांचा झुपका कलम केलेली फायकस, म्हणजे वडवर्गातलंच झाड असते. मग ती टीव्हीशेजारी जाते, आणि उन्हाळ्याआधीच तिची पानं गळायला लागतात. घरात ठेवायचं बोन्साय असं काही नसतं. ते झाडच आहे. त्याला गच्ची, बाल्कनी, निदान उन्हाची खिडकी लागते.

हौसेपासून सुरू करून आता मी लोकांच्या बोन्सायची निगा राखण्याची कामं घेते. नवीन येणाऱ्यांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो: वेळापत्रक. व्हिडिओत जपानी किंवा युरोपीय माणूस थंडी संपता संपता, कळ्या फुगायच्या आत मुळं छाटून कुंडी बदलतो. त्याच्यासमोर पाइन असतो, मेपल असतो. आपल्यासमोर वड, पिंपळ, चिंच, बोगनवेल, कामिनी. आपण फेब्रुवारीत मुळं छाटली तर पुढ्यात चाळिशीला टेकणारा पारा आणि कोरडी हवा उभी असते. जमवणारे फेब्रुवारी-मार्चमध्येही जमवतात, पण त्यांच्याकडे शेडनेट असतं आणि दुपारी घरी कुणीतरी असतं. नवशिक्याने जूनचा पहिला बरा पाऊस धरावा. हवेत ओल असते, वडवर्गातली झाडं जोरात फुटतात, एक तृतीयांश मुळं काढली तरी सावरतात. अपवाद जेडचा. त्याच्या खोडापानांत पाणी साठलेलं असतं. मुळं छाटून त्याला भर पावसात ठेवलं की कुजलंच समजा. ते कोरड्या दिवसांत हलवावं आणि पुढे काही दिवस पाणीच देऊ नये.

पहिलं झाड कुठलं? फायकस. यावर मी वाद घालत नाही. ज्युनिपर दिसतो देखणा, पण तो वाळला हे कळायला कित्येक आठवडे लागतात, तोवर बाहेरून हिरवाच. फायकस लगेच कुरकुरते, त्यामुळे शिकवते. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, उरुळी कांचनपर्यंत जा, नर्सऱ्या लागतात. तिथे ‘बोन्साय’ लिहिलेल्या कोपऱ्यात जाऊच नका. मागच्या बाजूला मोठ्या पिशव्यांमध्ये वाढून बसलेली, कुणी न घेतलेली झाडं असतात. माती बोटाने सारून बुंध्याशी बघा: मुळं चहूबाजूंनी पसरलीत का, खोड खाली जाड आणि वर निमुळतं होत गेलंय का. मुळांच्या या पसाऱ्याला जपानीत नेबारी म्हणतात आणि प्रदर्शनात परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते. पानं किती आहेत याला शून्य महत्त्व, ती येतात.

दुसरी जागा म्हणजे पेठांमधले जुने वाडे. भिंतीच्या फटीत पिंपळ, उंबर उगवलेले असतात. मालकाला ते नकोच असतात, विचारून घ्या. छिन्नीने प्लॅस्टर फोडून सावकाश काढलं तर विटांच्या सांध्यात दबून चपटी झालेली, वेडीवाकडी मुळं मिळतात. नर्सरीत तशी मिळणार नाहीत. टेकडीवरचं झाड मात्र उपटायचं नाही. ती वनजमीन असते, आणि नसली तरी नाही.

आणलेलं झाड लगेच उथळ ट्रेमध्ये बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. ट्रेमध्ये गेलं की खोड जाड होणं जवळपास थांबतं. करंगळीएवढं खोड ट्रेमध्ये घातलं तर पाच वर्षांनीही ते करंगळीच्या फार पुढे जात नाही. खोड भरेपर्यंत त्याला मोठ्या कुंडीत मोकळं वाढू द्या, खालची एखादी फांदी मुद्दाम लांब सोडा. ती खोडाला जाडी देते, नंतर ती कापून टाकायची. लोक म्हणतात बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवणं. उलट पहिली काही वर्षं सगळी खटपट त्याला खाऊ घालण्याचीच असते.

माध्यमासाठी आपली काळी माती नको. पावसात चिखल, उन्हात ढेकूळ. मी विटा फोडून दोन चाळण्यांतून काढते, साधारण ३ ते ६ मिलिमीटरचे खडे ठेवते, बारीक भुकटी धुऊन टाकते. त्यात जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके खडे) आणि मुरलेलं शेणखत. चाळण्या, जाळी, तार सगळं बोहरी आळीत मिळतं. पहिल्यांदा गच्चीवर विटा फोडायला बसले तेव्हा सासरे वर येऊन म्हणाले, “सूनबाई, मजला चढवताय की काय?” ट्रेच्या भोकांवर जाळी, आणि झाड तारेने ट्रेला बांधायचंच, हलणाऱ्या झाडाची नवी मुळं तुटत राहतात.

पाण्याचं वेळापत्रक विचारू नका. बांबूची काडी मातीत खुपसून ठेवा, काढून बघा, ओली असेल तर थांबा. मे महिन्यात उथळ ट्रेला दिवसातून दोन वेळा लागतं, आणि ट्रे गच्चीच्या तापलेल्या फरशीवर न ठेवता स्टँडवर ठेवावा. जुलैत संततधार लागली की ट्रेच्या एका टोकाखाली विटेचा तुकडा सरकवा. तिरक्या ट्रेतून पाणी निथळून जातं, एवढ्यावर कित्येक झाडं वाचतात. टँकर-बोअरच्या पाण्याने खोडाच्या बुडाशी आणि ट्रेच्या काठावर पांढरे क्षार धरतात. जुन्या टूथब्रशने घासून काढा, ट्रेला पातळ व्हिनेगर चालतं, फक्त ते मातीत उतरू देऊ नका.

फांदीला वळण द्यायची तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश जाड घ्यावी आणि ४५ अंशांत गुंडाळावी. पुस्तकात ‘काही महिन्यांनी काढा’ लिहिलेलं असतं. पावसाळ्यात फायकसची फांदी काही आठवड्यांत फुगून तारेत रुतते आणि तो मळसूत्रासारखा व्रण वर्षानुवर्षं जात नाही. श्रावणात दर रविवारी तार तपासायची. काढताना उलगडू नये, कटरने तुकडे करावेत.

प्रदर्शनाची तयारी गणपतीतच सुरू होते. टोकियोतलं कोकुफू प्रदर्शन १९३४ पासून भरतंय आणि तिथे एकेका झाडाची वर्षानुवर्षं तयारी चालते; आपल्याला चार-पाच महिने तरी हवेतच. वडाची पानं काढायची असतील (फक्त तब्येतीच्या झाडाची, देठ ठेवून), तर दिवाळीच्या आत उरका, कारण थंडीत नवी फूट रेंगाळते आणि जानेवारीत झाड अर्धवट कपड्यांत उभं राहतं. नवी पानं लहान आणि तुकतुकीत येतात, झाडाचा डोलारा आत-बाहेर सारखा भरतो. ट्रे झाडाच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांश लांब, खोल साधारण बुंध्याच्या जाडीएवढा, रंगाने गप्प. शेवाळ पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून खरवडून सावलीत वाळवून ठेवलं की ऐन वेळी पाणी मारून लावता येतं. सगळा पृष्ठभाग मात्र झाकू नका, मुळं दिसली पाहिजेत. पाटीवर झाडाचं नाव, शैली, वय. वयाच्या रकान्यात लोक सढळ हाताने लिहितात. परीक्षक ते वाचून हसतात आणि खोडाकडे बघतात.

झाड नेताना आदल्या संध्याकाळीच पाणी द्या. ओला ट्रे जड होतो, पण कोरड्या ट्रेतली माती प्रत्येक स्पीडब्रेकरला उडते. ट्रेभोवती उशा दाबून बसवा आणि पुढची बाजू गाडीत चढवण्याआधीच खडूने खूण करून ठेवा. मांडताना घाई असते, पाठ पुढे आलेली झाडं मी दरवर्षी बघते.

यात पोट भरतं का, असं तरुण मुलं विचारतात. झाडं विकून फारसं नाही. चांगलं झाड तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात आणि गिऱ्हाईक घासाघीस करतं. बंगले आणि कंपन्यांमधल्या झाडांची महिन्याची देखभाल, वीकेंडचे वर्ग, जमिनीत जाड खोडं वाढवून हौशींना पुरवणं, यात काम आहे. आणि एप्रिल-मेमध्ये लोक गावाला जातात तेव्हा त्यांची झाडं सांभाळायला घेणं, हे सगळ्यात खात्रीचं. त्यासाठी शेडनेट, दोन वेळचं पाणी आणि स्वतः गावाला न जाण्याची तयारी हवी.