धातूंनी दूषित जमिनीत भूसुधारक कसे वापरावेत

भूसुधारक म्हणजे चुनखडी, कंपोस्ट यांसारखी मातीत मिसळायची द्रव्यं. ती टाकल्याने जमिनीतला धातू नाहीसा होत नाही. तो मातीत जखडला जातो आणि मुळांत, पाण्यात कमी उतरतो. कुठला धातू कशाने जखडतो हे वेगवेगळं असतं, म्हणून आधी तपासणी करा.

नमुना. 8-10 ठिकाणांहून वरच्या 15 सेंमीची माती घ्या आणि एकत्र मिसळा. गॅल्व्हनाइज्ड अवजार नको, त्याचं जस्त नमुन्यात उतरतं. प्रयोगशाळेला सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता), एकूण धातू आणि उपलब्ध धातू (मुळांना शोषता येणारा भाग) असे तिन्ही आकडे मागा.

निवड. शिसे, कॅडमियम, जस्त असेल आणि माती आम्ल असेल, तर चुनखडीची बारीक भुकटी घालून सामू 6.5 ते 7 वर आणा. कळीचा चुना नको. तो हात भाजतो आणि सामू एकदम वर नेतो. शिशासाठी फॉस्फेटही चालतं, त्यातून पायरोमॉर्फाइट हे जवळजवळ न विरघळणारं खनिज बनतं. तांब्याला मुरलेलं कंपोस्ट चांगलं धरून ठेवतं.

आर्सेनिकचं गणित मात्र उलटं आहे. चुन्याने ते सुटं होऊ शकतं, आणि फॉस्फेट मातीच्या कणांवरची त्याची जागा बळकावून त्याला बाहेर ढकलतं. तिथे लोहाचे ऑक्साइड वापरा. शिसे आणि आर्सेनिक एकत्र निघाले तर फॉस्फेटच्या वाटेला जाऊच नका.

मात्रा. चुनखडीची मात्रा अंदाजाने ठरवू नका. चार कुंड्यांत प्रत्येकी 1 किलो माती भरा, त्यांत 0, 2, 4, 6 ग्रॅम चुनखडी मिसळा, तीन आठवडे ओलसर ठेवा आणि सामू मोजा. 15 सेंमी खोलीपर्यंत एका चौरस मीटरमध्ये साधारण 200 किलो माती असते. म्हणजे कुंडीत 4 ग्रॅमने काम झालं, तर जमिनीला चौरस मीटरमागे 800 ग्रॅम लागेल. कंपोस्ट मातीच्या वजनाच्या 2 टक्के, म्हणजे चौरस मीटरमागे 4 किलो, इथपासून सुरू करा. त्यातलेही धातू तपासा. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमधून शिसे येऊ शकतं.

मिसळणं. धूळच सर्वांत घातक, म्हणून माती आधी शिंपडून ओलसर करा आणि मास्क लावा. वाफसा असताना, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा वेळी, 15 सेंमीपर्यंत नीट कालवा. बहुतेक फसतं ते इथेच: चुना वर पसरून सोडला की खालची मुळं जुन्याच मातीत राहतात. चुना आणि अमोनियमयुक्त खत एकाच वेळी टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. चुना जास्त झाला तर पिकाला मँगनीज आणि लोह कमी पडून नवी पानं पिवळी पडतात.

कंपोस्ट कुजत जातं आणि सामू पुन्हा घसरतो, तेव्हा दरवर्षी सामू मोजा. फेरतपासणीत एकूण धातूचा आकडा जवळपास तोच दिसेल. उतरलेला दिसायला हवा तो उपलब्ध धातूचा.