अंगणातील बैठक कशी मांडावी

बैठकीची जागा ठरवण्यापूर्वी दुपारी ४ ते ६ या वेळेत ऊन कोठून येते ते पाहावे, कारण पश्चिमेची तिरीप अडवली नाही, तर उत्तम खुर्च्याही रिकाम्याच राहतात. त्या बाजूला मांडव घालून त्यावर मधुमालती चढवावी. जमिनीला घरापासून बाहेरच्या दिशेने दर मीटरला १ ते २ सेंटिमीटर उतार द्यावा. चकचकीत फरशी पावसाळ्यात निसरडी होते, म्हणून खरबरीत शहाबादी किंवा जांभा बरा. मात्र जांभ्यावरील शेवाळ खराट्याने वरचेवर घासावे लागते. कट्टा भिंतीलगत, सुमारे ४५ सेंटिमीटर उंच बांधावा. दिवा मंद, पिवळसर असावा; पांढऱ्या झगझगीत उजेडात गप्पा रंगत नाहीत, किडे तेवढे जमतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे, अन्यथा डास होतात.